वाय-फायची किल्ली

घरचा पासवर्ड फोनमध्येच जपून ठेवलेला असतो, हे मला यंदा कळले. आमच्या इंदूरच्या घरी वाय-फाय मुलाने बसवला आणि तो नोकरीला पुण्याला गेला. आईचा नवा टॅबलेट आला तेव्हा पासवर्ड कोणालाच, अगदी त्यालाही, आठवेना. इकडे आई नातवाशी बोलायला रोज आठ वाजता तयार होऊन बसायची!

अँड्रॉइड १० पासून, म्हणजे सन २०१९ पासून, सेटिंगमधल्या वाय-फायमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर ‘शेअर’ दाबले की फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागतो. मग चौकोनी क्यूआर कोड येतो, पुष्कळ फोनांत त्याखाली पासवर्डही. आयफोनमध्ये पासवर्ड पाहण्याची सोय सन २०२२ मध्ये, आयओएस १६ बरोबर आली. फोन त्या नेटवर्कला आधी जोडलेला मात्र हवा. आईच्या टॅबलेटने कोड टिपला, काम झाले.

पालकहो, आता दुसरी बाजू बघा. ज्याला तुमचा पिन ठाऊक, त्याला घरचा पासवर्डही उघडा. पाचवीच्या वर्गात मी विचारले, आई-बाबांचा पिन कोणाकोणाला येतो? निम्म्याहून जास्त हात वर आले. त्यांत एक आमच्याच शिक्षिकेच्या मुलीचा होता.