टाच, टेनिस बॉल आणि पार्काचा कट्टा

रविवारी सकाळी अलार्म न लावता सहाला उठणारी एक जमात असते. दादरमधली ही सगळी मंडळी तुम्हाला शिवाजी पार्कला राऊंड मारताना दिसतील. माझे बाबा त्यातलेच. आठवडाभर मी ऑफिसच्या टार्गेटमध्ये आणि ते पेपर-भाजी-बँकेत. त्यामुळे आमचं बोलणं व्हायचं ते रविवारी, पार्काच्या तीन राऊंडमध्ये. एक राऊंड साधारण सव्वा किलोमीटरचा. पहिल्यात माझा बॉस, दुसऱ्यात नातेवाईक, तिसऱ्यात दोघंही गप्प. तिसरा मला सगळ्यात जास्त आवडायचा.

गेल्या पावसाळ्यात हे बंद पडलं. कारण माझी उजवी टाच! सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. दहा-बारा पावलं टाकली की जरा बरं वाटायचं, पण बसून उठलं की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याच्यावर सतत ताण पडला की तो टाचेपाशी दुखायला लागतो. दिवसभर खुर्चीत आखडलेल्या पोटऱ्या, सेलमध्ये घेतलेले पातळ सोलचे शूज आणि ट्रेनमध्ये तासभर उभं राहणं, म्हणजे मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. डॉक्टरांनी शूज बदलायला सांगितले, पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले आणि सोबत एक टेनिस बॉल वापरायला सांगितला.

बाबा एकटेच जायला लागले. परत आले की मुद्दाम म्हणायचे, ‘आज दोनच मारले गं, कंटाळा आला.’ हे ऐकून मला जास्त दुखायचं. शेवटी एका रविवारी बॉल पर्समध्ये टाकला आणि निघाले. राऊंडसाठी नाही, नुसतं कट्ट्यावर बसायला.

१९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून खुलं झालेलं हे मैदान १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं. २०२० मध्ये अधिकृत नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ झालं, पण बोलताना आम्ही दादरकर नुसतं ‘पार्क’च म्हणतो. आणि त्याचा कट्टा म्हणजे आमचा ड्रॉइंगरूम. इथे लग्नं ठरलीत, मोडलीत, सरकारं तर रोज पडतात. कुल्ले टेकवून पाय जमिनीला नीट पोचतील अशी जागा मी शोधली, चप्पल काढली आणि बॉल तळव्याखाली घेतला.

करायचं एवढंच, की टाचेच्या पुढून बोटांच्या मुळापर्यंत बॉल हळूहळू फिरवायचा. घाई नको. एखाद्या ठिकाणी ‘आई गं’ झालं की तिथे जरा थांबायचं, श्वास सोडायचा, मग पुढे. दोन मिनिटं एक पाय, दोन मिनिटं दुसरा. दुखलं तरी गोड दुखलं पाहिजे. दात-ओठ खावे लागत असतील तर दाब कमी करा.

बाबांच्या ग्रुपमधले एक काका माझ्याकडे बघत होते. तरुणपणी कांगा लीगमध्ये फास्ट बोलिंग टाकायचे. ‘अगं, आम्ही हे सोडावॉटरच्या बाटलीने करायचो,’ म्हणाले. ‘आता वाकून दाखव.’ मी वाकले. बॉलच्या आधी बोटं नडगीच्या मध्यावर अडकत होती, आता घोट्यापर्यंत पोचली. मी चाटच पडले! मसाज तळव्याला आणि मोकळी झाली मांडीची मागची बाजू?

यात जादू नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये २४ निरोगी लोकांवर एक छोटा प्रयोग झाला होता. ज्यांनी दोन्ही तळव्यांखाली दोन-दोन मिनिटं टेनिस बॉल फिरवला, त्यांना बसून पुढे वाकताना लगेच जास्त लांब पोचता आलं. आता ‘गाठी फुटल्या, पट्टा लांब झाला’ असं जिममध्ये कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. तो पट्टा इतका चिवट, की बॉलने ताणला वगैरे जात नाही. बहुधा मज्जासंस्था जरा सैल सोडते आणि ताण सहन करायला तयार होते. म्हणूनच हा मोकळेपणा फार टिकत नाही, आणि पोटऱ्यांचे व्यायाम चुकवून चालत नाही. (मी चुकवले. कळ परत आली.)

आजीला फोनवर सांगितलं तर ती हसली. ‘काशाच्या वाटीने तळपाय घासायचे सोडून बॉल कसले घेता?’ म्हटलं आजी, वाटी घासायला दुसरं माणूस लागतं. बॉल टेबलाखाली, मीटिंग चालू असतानाही चालतो. फक्त निसटला तर साहेबांच्या पायाशी जातो, अनुभव आहे. सीझन बॉल मात्र घेऊ नका, तो दगड आहे. आणि डायबेटिसमुळे पाय बधिर असतील, सूज असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

चार महिने लागले. मधल्या काळात रविवार कट्ट्यावरच गेले. समोर पोरांचं टेनिस बॉल क्रिकेट. एकदा त्यांचा बॉल गटारात गेला तेव्हा माझाच मागून नेला आणि इनिंग संपल्यावर चिखलासकट परत आणून दिला. बाबा एक राऊंड मारून माझ्याशेजारी येऊन बसायचे.

मागच्या रविवारी तिन्ही राऊंड झाले. तिसऱ्यात दोघंही गप्प. मग मिसळ खायला निघायचं, तर बाबा कट्ट्यावर टेकले. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच चप्पल काढली.

‘दे गं जरा तो बॉल,’ म्हणाले. ‘कधीपासून दुखतंय.’