मोतीबरोबर सुरतेत

होळी होऊन चार दिवस झाले होते. सुरतेला ताईकडे गेलो होतो. भावोजी गेल्यापासून त्यांचा मोती गल्लीच्या टोकापलीकडे पाऊल टाकत नाही, असं ताई म्हणाली. म्हटलं, बघूया तरी! रविवारी ऊन चढायच्या आत त्याची साखळी हातात घेतली. टोकाशी तो थबकला. मग काय वाटलं कोण जाणे, चालू लागला.

मला कतारगाम दरवाजाजवळचं डच कबरस्तान बघायचं होतं. तिथे हेंड्रिक व्हान रीड विसावलेत. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्यांनी करवून घेतला. १६९१ साली सुरतेला येताना ते समुद्रातच वारले. त्या ग्रंथाला हातभार लावणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे कोकणी वैद्य. त्यांच्या समाजाची मुळं आमच्या गोव्यातली! त्यांचं १६७५ चं नागरी लिपीतलं कोकणी पत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे.

कुत्र्याला कबरस्तानात नेणं बरं वाटेना. फाटकाबाहेरूनच घुमट पाहत उभा राहिलो. तेवढ्यात मोतीने हिसका दिला आणि मला ओढत नेऊन एका लोचोच्या गाडीपाशी बसला. (खमण बिघडून लोचो झाला म्हणतात, बिघडला ते बरंच झालं!) गाडीवाल्याने आधी मोतीला ओळखलं, मग माझ्यामागे कोणी येतंय का ते पाहिलं.

“शेठ?”

मी नुसती मान हलवली. दोन प्लेट सांगितल्या. दुसरीवर त्याने आपणहूनच तेल, शेव, कांदा काही घातलं नाही.