निखाऱ्यांवरचें जेवण

सिरोंच्याबाहेर नुकत्याच उघडलेल्या उपाहारगृहांत आम्ही सहकुटुंब गेलों. तेथें मेजाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. सळईला टोंचलेली कोंबडी गिऱ्हाइकानें आपली आपणच भाजावयाची. पैसे मोजून स्वयंपाकही आपणच करावा, हा सौदा कुटुंबास मुळींच पटला नाहीं! आम्ही मात्र मोठ्या उत्साहानें पहिल्या सळईचा कोळसा केला. तेव्हां पाणी वाढणारा मुलगा पुढें झाला.

"सर, जाळावर नाही, धगीवर भाजायचं असतं," असें तेलुगू वळणाच्या मराठींत म्हणून त्यानें निखारे पसरले. प्राणहिता गोदावरीस मिळते, त्या कांठावर मासे भाजतां भाजतां तो हें शिकला होता.

'सर' या शब्दानें आम्ही चमकून वर पाहिलें. दोन वर्षांपूर्वीं इंग्रजींत आम्हींच त्यास नापास केलें होतें. तो सळई सावकाश फिरवीत राहिला.