आवडत्या ग्रंथकाराचे शेवटचे पुस्तक

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या नावे विलायतेहून एक पुडके आले. पाठविणारा आमचा जुना विद्यार्थी. इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. आत एक कादंबरी आणि तीत खोचलेली चिठ्ठी होती. 'सर, पावसाळ्यात वर्गात ज्यांची गोष्ट आपण सांगत असा, त्याच ग्रंथकारांचे हे शेवटचे पुस्तक. कथा आमच्याच परगण्यात घडते, म्हणून मुद्दाम घेतले. कसे वाटले ते कळवावे,' एवढाच मजकूर. ग्रंथकार ब्रॅम स्टोकर. पुस्तकाचे नाव 'द लेअर ऑफ द व्हाइट वर्म'. 'वर्म' म्हणजे येथे आळी किंवा गांडूळ नव्हे. जुन्या इंग्रजीत हा शब्द अजस्र सर्पासही लावीत. पांढऱ्या महासर्पाचे बीळ, असा अर्थ घ्यावा.

हे पुस्तक हाती आल्यावर आमची काय स्थिती झाली ते समजण्यासाठी वाचकांस थोडे मागे न्यावे लागेल.

१९७५ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही कोकणात मामांच्या घरी होतो. वय पंधरा. संस्कृतात वर्गात पहिले येणारे आणि इंग्रजीत कसेबसे तरून जाणारे, अशी आमची योग्यता. माळ्यावरच्या पेटीत मामांच्या जुन्या पुस्तकांत 'ड्रॅक्युला'ची एक प्रत सापडली. पुठ्ठा निखळलेला, पाने पिवळी पडलेली. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही ती वाचू लागलो. ओळीगणिक दोन शब्द अडत. भय वाटावे असे वाक्य आले की त्यातला नेमका मुख्य शब्दच अपरिचित निघे. आणि कंदिलाच्या उजेडात तो शब्द शोधून काढीपर्यंत जी दोन मिनिटे जात, त्या दोन मिनिटांत आम्ही जे भ्यालो ते पुढे आयुष्यात कशासच भ्यालो नाही. जोनाथन हार्कर हा तरुण वकील परक्या मुलखातील वाड्याच्या खिडकीतून सहज खाली पाहतो, तो त्याचे यजमान भिंतीवरून डोके खाली करून सरड्यासारखे उतरत आहेत! ते पान वाचल्यावर परसात जाणे भाग पडले, तेव्हा आम्ही धाकट्या मामेभावास गाढ झोपेतून उठविले आणि त्यालाच तहान लागली आहे असे त्यास पटवून दिले.

पुढे संस्कृताचे अध्यापन हाच आमचा व्यवसाय झाला. भरतमुनींनी नाट्यातील आठ रसांत भयानक रस गणिला आहे व त्याच्या विभावांत विकृत ध्वनी, भूतादिकांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य इत्यादिकांचा निर्देश केला आहे. ते स्थळ प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हार्कराचा रात्रीचा प्रवासच आठवला. तेच अरण्य, कोल्ह्यांच्या जागी लांडगे, आणि नोकरचाकर नसलेला तो ओसाड वाडा. स्टोकर महाशयांनी नाट्यशास्त्र पाहिले असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु १८७८ पासून लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार ते सांभाळीत होते व हेन्री आयर्व्हिंगसारख्या नटश्रेष्ठाच्या सहवासात रात्रीमागून रात्री पडद्याआड उभे राहत होते. पात्र केव्हा रंगभूमीवर आणावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा आणू नये, हे अशा मनुष्यास पोथीवाचून कळत असले पाहिजे.

'ड्रॅक्युला'चे मर्म येथेच आहे. सत्तावीस प्रकरणांच्या त्या ग्रंथात पहिली चार सोडली तर तो सरदार क्वचितच समोर येतो. सारा ग्रंथ इतरांच्या दैनंदिन्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांनी बनलेला. प्रारंभीची स्वागताची चार ओळींची चिठ्ठी वगळली तर ज्याच्यामुळे एवढा अनर्थ होतो त्याची बाजू त्याच्या हातची अशी कोठेच नाही. जो तो आपापल्या वहीत भीत भीत अर्धेच लिहितो. जोडून पाहण्याचे काम वाचकाचे.

'डेमीटर' जहाजाचे प्रकरण हा त्यातला कळस. व्हार्ना बंदराहून मातीच्या पेट्या घेऊन निघालेल्या जहाजावरचा एकेक खलाशी नाहीसा होत जातो, आणि आपल्या हाती पडते ती कप्तानाची रोजची कोरडी नोंद. शेवटी वादळात ते जहाज इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात शिरते, तो सुकाणूच्या चाकाला हात बांधलेला कप्तानाचा मृतदेह तेवढा त्यावर उभा. ही एवढीच गोष्ट आम्ही वाईच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षे सांगितली. आषाढात कृष्णेस पूर आला, पलीकडची मुले आली नाहीत व निम्मा वर्ग रिकामा राहिला की शब्दरूपावली मिटावी आणि जहाज हाकारावे, असा शिरस्ताच पडला होता. शिष्टाचारास हे सोडून होते, हे मान्य करतो.

असो. एवढी पुंजी पाठीशी असता त्याच लेखणीतून उतरलेले, आम्ही न वाचलेले एक पुस्तक हाती आले. ते लगेच उघडण्याचा आम्हांस धीर झाला नाही. अमावास्येची रात्र पाहिली, त्यात पाऊसही लागला होता. शब्दकोशाची आता गरज उरली नव्हती, तरी तो शेजारी घेऊन बसलो. चाळीस प्रकरणे तीन रात्रींत संपविली. तिसऱ्या रात्री पुस्तक मिटले तेव्हा कोणी आप्त बऱ्याच वर्षांनी भेटावा आणि त्याने आपणांस ओळखू नये, तसे काहीसे झाले.

कथा येणेप्रमाणे. १८६० साली ॲडम सॉल्टन हा तरुण ऑस्ट्रेलियातून आपल्या वृद्ध आप्ताकडे येतो. शेजारी लेडी अॅराबेला मार्च नामक, सदा शुभ्र वस्त्रे नेसणारी विधवा स्त्री. तिच्या वाड्याखाली अतिशय खोल असे एक विवर, आणि त्या विवरातला प्राचीन महासर्प व ही स्त्री एकच. कल्पना पाहावी, किती भव्य आहे! आपल्याकडे तर नागकन्यांच्या कथांवर वाढलेला वाचक ती ऐकताच सावरून बसेल. पण ग्रंथकार काय करतात? अर्ध्या वाटेवरच एक वृद्ध गृहस्थ तरुणास खुर्चीत बसवून ती बाई साप कशी, साप इतका जुना कसा, त्याच्या मेंदूची वाढ कशी झाली असेल, याचे शास्त्रोक्त प्रवचन करतात. त्यानंतर भ्यावयाचे कशास? दोघे जण विवरात वाळू आणि सुरुंगाची दारू भरण्याचा बेत करतात तो एखाद्या कंत्राटदाराच्या टिपणासारखा. मधेच शेजारचा धनिक पाखरांना पळवून लावण्यासाठी बहिरी ससाण्याच्या आकाराचा अवाढव्य पतंग उडवितो, आणि पुढे त्या पतंगापायीच त्याचे डोके फिरते. आफ्रिकन नोकराचे चित्रण तर इतक्या तुच्छतेने केले आहे की ती पाने आम्ही मुलांसमोर कधीच वाचली नसती. मुंगूस मात्र आहे. त्या स्त्रीची परीक्षा पाहण्यासाठी नायक मुंगूस विकत आणतो! इंग्रजांनी हा शब्द आपल्या मराठीतूनच उचलला, याचा आम्हांस क्षणभर अभिमान वाटला. परंतु पुढे ती बाई मुंगसास हातांनी फाडून टाकते, आणि येथे भयानकाच्या जागी बीभत्स आला. भय आणि जुगुप्सा हे दोन वेगळे स्थायीभाव होत, हे आम्ही मुलांस दरवर्षी शिकवीत असू.

आमचेच मत असे झाले असते तर वयाचा दोष म्हणून सोडून दिले असते. पण १९२५ साली प्रकाशकांनीच हे पुस्तक पुष्कळ कापून अठ्ठावीस प्रकरणांवर आणले. आणि लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने १९२७ साली आपल्या निबंधात अशाच अर्थाचा शेरा मारला आहे, की कल्पना थोर, विस्तार पोरकट. खात्रीसाठी आम्ही 'ड्रॅक्युला'ही पुन्हा वाचला. उत्तरार्धात प्राध्यापक महाशयांची भाषणे फार लांबतात, हे पंधराव्या वर्षी आम्हांस कळले नव्हते. परंतु वाडा आणि जहाज जसेच्या तसे उभे होते.

मग आम्ही विद्यार्थ्यास सविस्तर पत्र लिहिले. त्यात एक वाक्य आम्हांस विशेष साधले होते: 'ड्रॅक्युला लिहून स्टोकर महाशयांनी लेखणी कायमची खाली ठेविली असती, तर त्यांच्या कीर्तीवर उपकार झाले असते.' मोठ्या समाधानाने ते आम्ही घरात वाचून दाखविले. आमच्या घरातून भाजी निवडता निवडता प्रश्न आला, "ठेवली असती हो खाली. पण मग खाल्ले काय असते त्यांनी?"

आम्ही हसलो व पत्र टपालात टाकले. पुढे हिवाळ्यात स्टोकरांचे चरित्र वाचावयास मिळाले, तेव्हा ते हसणे आठवून ओशाळलो. 'ड्रॅक्युला'ची पहिली टिपणे १८९० सालची आणि ग्रंथ छापला गेला १८९७ मध्ये. सात वर्षे तो मनुष्य नाट्यगृहाच्या रगाड्यातून सुटी काढून समुद्रकाठी बसून टिपणे करीत होता. ड्रॅक्युला हे नावसुद्धा त्यांना व्हिटबीच्या वाचनालयातील एका पुस्तकात सापडले. १९०५ मध्ये आयर्व्हिंग वारले आणि आधार गेला. १९०६ मध्ये स्टोकरांना पक्षाघाताचा झटका आला. १९११ च्या आरंभी गरजू लेखकांना साहाय्य देणाऱ्या 'रॉयल लिटररी फंड' या निधीकडे त्यांनी अर्ज केला व शंभर पौंड मिळाले. त्याच वर्षी ३ मार्चला पांढऱ्या सर्पाची कथा लिहावयास घेतली ती १२ जूनला संपविली. नोव्हेंबरात पुस्तक निघाले, आणि पुढच्या एप्रिलात ग्रंथकार निवर्तले.

तथापि वैद्याच्या दाखल्याने कादंबरी सुधारत नाही. पुस्तक वाईट आहे, हे आमचे मत आजही कायम आहे. बदलले ते एवढेच, की पत्रातले ते वाक्य परत घेता आले तर बरे, असे वाटू लागले. आणि टपालात पडलेले पत्र परत येत नाही.

यंदा जानेवारीत तो विद्यार्थी सुटीवर आला आणि आपल्या बारा वर्षांच्या मुलास घेऊन आम्हांस भेटावयास आला. चहापाणी झाले. पत्राचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही. मग तो म्हणाला, "सर, याला ती जहाजाची गोष्ट सांगा ना. मी इतक्यांदा सांगून पाहिली, पण तुमच्यासारखी मला जमत नाही."

आम्ही झोपाळ्यावर नीट बसलो, उपरणे सावरले आणि सुरुवात केली. प्रथम व्हार्ना हे बल्गेरिया देशातील बंदर कोठे आहे ते सांगितले. मग ग्रंथाचे प्रकाशनवर्ष, मग लेखकाचे नाट्यगृह. पेट्या जहाजावर चढल्या न चढल्या तोच त्यांतल्या एका पेटीत कोण निजला आहे हेही सांगून टाकले, कारण मुलगा विलायतेत वाढलेला, त्याला आमची मराठी नीट कळते की नाही अशी धास्ती होती. खलाशी नाहीसे होऊ लागले तेव्हा कोणी नेले याविषयी त्याच्या मनात संशयच नव्हता. दोन खलाशांचा क्रम आम्ही चुकलो, मागे जाऊन तो दुरुस्त केला. पूर्वी ज्या ठिकाणी आम्ही थांबत असू आणि कौलांवरचा पाऊस ऐकू येई, त्या ठिकाणी आता आम्हांस दम लागला म्हणून थांबलो. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. आम्ही त्याच्या बापाकडे पाहिले. तो शिष्य सुशील. चेहऱ्यावर स्मित होते, मान डुलत होती. परंतु ती मुद्रा आमच्या ओळखीची होती. पांढऱ्या सर्पाचे पुस्तक तिसऱ्या रात्री मिटताना समोरच्या आरशात आम्ही ती स्वतःच्याच तोंडावर पाहिली होती.

"छान झाली, सर," तो म्हणाला.

आम्ही काहीच बोललो नाही. ती दोघे नमस्कार करून उठली. उंबऱ्याशी पायताण घालता घालता मुलगा थबकला आणि आपल्या तोडक्या मराठीत त्याने विचारले, "आजोबा, कॅप्टनने दोन्ही हात बांधले. मग लास्ट गाठ कोणी मारली?"

ते सांगावयाचेच आम्ही विसरलो होतो. बत्तीस वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो. गोष्टीचा शेवट नेहमी तेथेच होई. आम्ही तोंड उघडले, पण खाली वाकून बुटाची नाडी बांधीत असलेल्या बापाने मान वर न करताच उत्तर दिले, "दातांनी."

मुलगा बापाकडे पाहत राहिला. मग त्याने पायातला एक बूट काढला, आत येऊन झोपाळ्याच्या कडेला बसला आणि बापास म्हणाला, "तू सांग. पहिल्यापासून."