खेळप्रेमींचे शहर कोणते?

अमेरिकेतील क्रीडारसिकांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे रंगत आला आहे. खेळाच्या चाहत्यासाठी सर्वांत उत्तम शहर कोणते? कोणी बोस्टनचे नाव घेतो, कोणी शिकागोचे, कोणी न्यूयॉर्कचे. माझा पुतण्या काही वर्षांपासून बोस्टनजवळ नोकरी करतो. गेल्या दिवाळीत तो बोरी अरबला आला, तेव्हा जेवणानंतर त्याने हा विषय काढला आणि बोस्टनची बाजू अशा आवेशाने मांडली, की जणू त्याचे आजोळच तेथे आहे. बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल या चारही खेळांतील अव्वल संघ त्या परिसरात आहेत. फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान १९१२ पासून वापरात आहे. तेथील रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर थेट २००४ मध्ये अजिंक्यपद मिळविले. मधली ८६ वर्षे लोक आशेने मैदानावर येतच राहिले.

"अरे, १९१२ चे मैदान आपल्याकडेही आहे," मी म्हणालो. "कोल्हापूरचे खासबाग."

"मग काका, तुम्हीच सांगा, महाराष्ट्रात पहिला क्रमांक कोणाचा?"

प्रश्न गमतीचा होता. पण बँकेच्या नोकरीतील बदल्यांमुळे या राज्यातील चार शहरांत मी थोडाफार काळ राहिलो आहे आणि प्रत्येक ठिकाणी रविवारची सकाळ कोणत्या ना कोणत्या मैदानाच्या काठावर काढली आहे. मी स्वतः कधी कोणत्या संघातून खेळलो नाही. मी निव्वळ प्रेक्षक. कर्जदाराची पत ठरविताना जशी काही मोजमापे लावावी लागतात, तशी शहराची पत ठरवितानाही लावावीत, असे मला वाटते. माझी मोजमापे दोन. खिशात फारसे पैसे नसलेला माणूस तेथे चांगला खेळ पाहू शकतो का? आणि आपला संघ हरल्यानंतर प्रेक्षक पुन्हा मैदानावर येतो का?

नागपूरवर आम्हा वैदर्भीयांचे प्रेम स्वाभाविक आहे. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्समधील मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन गडी लागोपाठ त्रिफळाचीत केले आणि त्याच दिवशी सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक ठोकले. ते मैदान भर वस्तीत होते. सायकलने जाता येत असे. २००८ पासून मोठे सामने वर्धा मार्गावरील जामठ्याला होऊ लागले. तेथील मैदान देखणे आहे, मात्र सामना संपल्यावर घरी परतणे हीच एक कसरत होऊन बसते. तरीही दुसऱ्या मोजमापाला नागपूर उतरते. विदर्भाचा संघ कित्येक दशके रणजी स्पर्धेत केवळ हजेरी लावण्यापुरता असे. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या नेतृत्वाखाली इंदूरला दिल्लीचा पराभव करून त्याने पहिले अजिंक्यपद मिळविले, पुढच्याच वर्षी ते राखले आणि २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक उचलला. ज्यांनी पडत्या काळात साथ सोडली नाही, त्यांनाच या आनंदाचे खरे मोल कळले.

मुंबईची गोष्ट निराळी. वानखेडेवरील आंतरराष्ट्रीय सामन्याचे तिकीट मध्यमवर्गीयाच्या हाती लागणे कठीण. परंतु आझाद मैदानावर वा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून उद्याचा कसोटीपटू फुकट पाहता येतो. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग तर ऐन पावसाळ्यात खेळली जाते. मुंबईकर प्रेक्षक जाणकार असतो, हे तेथे राहून मी अनुभवले आहे. मार्च २०२४ मधील रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भापुढे ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य होते. कर्णधार अक्षय वाडकरने झुंजार शतक केले, आपण ३६८ पर्यंत पोहोचलो आणि १६९ धावांनी हरलो. अशा डावाची कदर करणारा प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याच्या शहरातही भेटतो, हे मुंबईचे मोठेपण आहे.

अमरावतीची मला अधिक ओढ आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पटांगणात पहाटे जाऊन उभे राहावे. मल्लखांबावर लीलया चढणारी मुले-मुली पाहताना तिकिटाचा विचारही मनात येत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच संस्थेच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. तिकडे पाहणारा आणि खेळणारा यांच्यात फारसे अंतर उरत नाही. आज काठावर उभा असलेला मुलगा महिन्याभराने आत दिसतो.

तथापि माझे मत कोल्हापूरच्या पारड्यात पडले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत मधोमध लाल मातीचा हौदा आणि सभोवती वाडग्याच्या आकारात चढत गेलेली बैठक आहे. शेवटच्या ओळीत बसलेल्या हमालालाही कुस्तीचा प्रत्येक डाव स्वच्छ दिसतो. फुटबॉल तर तेथे पेठापेठांच्या रक्तात आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा साऱ्या पेठेचे मन मैदानावर असते. चुरस कधी हाणामारीपर्यंत जाते, हा दोष आहेच. पण मला तेथे थांबविले ते एका गहाणवटीने. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशांची निकड होती, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी नोकरीत शेकडो गहाणखते हाताळली. धंद्यासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी लोक घर तारण ठेवीत. दुसऱ्याच्या मुलाने कुस्ती खेळावी म्हणून ठेवलेले तारण माझ्या टेबलावर कधी आले नाही.

पुतण्याने यावर ग्रीन बेचे उदाहरण दिले आणि ते मला मनापासून आवडले. विस्कॉन्सिन राज्यातील हे शहर लोकसंख्येने आपल्या यवतमाळएवढे, म्हणजे एक लाखाच्या आसपास. तेथील पॅकर्स हा १९१९ मध्ये स्थापन झालेला संघ कोणा धनाढ्याच्या मालकीचा नाही. त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते नफ्याने विकताही येत नाहीत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी आधी हसलो. मग लक्षात आले, की हिशेब अगदी चोख आहे. लाभांश दर रविवारी मैदानावर मिळतो. तो फक्त खतावणीत लिहिता येत नाही.

हा वाद आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी मनावर घ्यावा, यामागे एक गंभीर कारण आहे. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत चांगल्या घरांतील मुदतठेवी मुदतीपूर्वी मोडल्या जाताना मी पाहिल्या. कारण विचारले की वडील मान खाली घालीत. मुलगा क्रिकेटच्या सट्ट्यात अडकलेला असे. एका पित्याने दागिने तारण ठेवून देणी फेडली. तो मुलगा गल्ल्यावर बसून रात्रंदिवस मोबाइलवर सामने पाहत असे. मैदानावर जाऊन त्याने एकही सामना पाहिला नव्हता. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, हे चांगलेच झाले. परंतु कायदा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

सट्टा लावणाऱ्याला आपण खेळाचा शौकीन म्हणतो, तेथेच गफलत होते. त्याला खेळाडूचा डाव दिसत नाही, फक्त भाव दिसतो. हरल्यावर तो खेळाडूला शिव्या देतो आणि जिंकल्यावर त्याचे नावही विसरतो. मैदानावर बसलेला प्रेक्षक दोन तासांत पराभव पचवायला शिकतो, समोरच्याचे कौतुक करायला शिकतो. व्यापारात मंदी पाहिलेल्या माणसाला या शिक्षणाची किंमत सांगायला नको.

म्हणून खेळप्रेमींच्या शहराचा प्रश्न मी आता आमच्या बोरीलाही लावतो. कापसाचा हंगाम सरला की येथे कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात. आपली घरे बक्षिसाला सढळ हाताने देणगी देतात, फलकावर दुकानाचे नाव लागते. बक्षिसाची रक्कम वाढत जाते. मैदानावर मात्र ना पाण्याची सोय, ना सावली, ना बायाबापड्यांना बसायला जागा. मुली खेळ पाहायला येत नाहीत, कारण बसणार कोठे?

मंडळींपुढे मी एक सूचना ठेवली आहे. पहिल्या बक्षिसाची निम्मी रक्कम मैदानासाठी राखावी आणि उरलेल्या गरजेसाठी ग्रीन बेप्रमाणे घरटी एक भाग काढावा. लाभांश नाही, परतावा नाही, फलकावर नाव नाही. काहींनी होकार दिला, एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "यात आपल्याला काय मिळणार?" व्यापाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. मी त्यांना सांगितले, "दर रविवारी संध्याकाळी नातू कोठे आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल." त्यांनी उत्तर दिले नाही, परंतु एका भागाचे पैसे दुसऱ्या दिवशी घरी पोहोचते केले. आतापर्यंत अकरा घरे झाली आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या गावात असे मैदान असेल, त्यांनी येत्या रविवारी दुकान तासभर लवकर बंद करून मुलांसह तेथे जाऊन बसावे, एवढीच विनंती.