प्युईचा मसूर

फ्रान्समध्ये पाऊल टाकल्याला आठ दिवस झाले होते आणि आठ दिवसांत आमच्या सौभाग्यवतींनी पाव, चीज व उकडलेले बटाटे यांखेरीज काही तोंडात घातले नव्हते. तक्रार नव्हती, पण ही जेवायला बसली की माझाच घास घशात अडके. शेवटी ल्योंला नोकरीस असलेला माझा भाचा म्हणाला, "मामी, ल प्युईला जाऊन या. तिथला मसूर साऱ्या देशात नावाजलेला आहे."

मसूर म्हणताच कऱ्हाडच्या या माहेरवाशिणीचे डोळे चमकले. भाच्याने 'मांस, मासे, अंडी चालत नाहीत' अशी फ्रेंच चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही आगगाडीत बसलो.

गावाची वस्ती वीस हजारांच्या आसपास. पण मधोमध ज्वालामुखीचे सुळके उभे! एकावर मेरीमातेची १६ मीटर उंचीची लालसर मूर्ती. सेव्हास्तोपोलच्या लढाईत रशियनांकडून जिंकलेल्या २१३ तोफा वितळवून ती १८६० साली उभी केली. दुसऱ्या सुळक्यावर सेंट मायकेलचे दहाव्या शतकातले देऊळ. पायऱ्या २६८! जेजुरी चढलेली ही पुढे आणि मी धापा टाकीत मागे. खाली येईतो दीड वाजून गेला.

इकडे लहान गावांत दुपारचे जेवण बारा ते दोन. पुढे चूल बंद म्हणजे बंद. आम्ही घाईघाईने एका गल्लीतल्या खाणावळीत शिरलो. शेजारच्या टेबलावर हिरवट मसुराची थाळी आली. वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचे जाड तुकडे! इथली रीतच ती.

मी चिठ्ठी पुढे केली. वाढणारी मुलगी खुणेने म्हणाली, तुकडे काढून देते. हिने मान हलवली. "शिजलं तर एकत्रच ना? चला, पाव खाऊ." ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुशीत आचारीणबाई बाहेर आली. तिने चिठ्ठी वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले आणि दोन्ही हातांची बोटे दोनदा उघडून दाखवली. वीस मिनिटे!

हे शक्य झाले ते त्या मसुराच्या गुणामुळे. या पठाराची माती ज्वालामुखीची. उन्हाळ्यात कोरडे, गरम वारे सुटतात आणि दाणा पुरता पिकण्याआधीच वाळतो. त्यामुळे साल पातळ राहते; भिजत घालावे लागत नाही, आणि शिजूनही दाणा मोडत नाही. १९९६ सालापासून या नावाला सरकारी संरक्षण आहे. भोवतालच्या ठरावीक मुलखात पिकलेल्या मसुरालाच प्युईचा म्हणता येते.

दोन वाजून गेले. इतर गिऱ्हाइके उठली. मग आमची थाळी आली : मसूर, गाजर, कांदा, तमालपत्राचा वास, वरून मोहरीची चटणी आणि व्हिनेगर. हिने पहिला घास घेतला व म्हणाली, "फोडणी नाही. पण दाणा आईच्या हातचा आहे."

आणि तिने पिशवीतून डबी काढली. माहेरचा कांदा-लसूण मसाला! आठ दिवस जपून ठेवलेला. मलाही चिमूटभर मिळाला नव्हता. आचारीणबाईने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला. डोळ्यांत पाणी आले, मग मोठ्याने हसली आणि पुन्हा चमचा पुढे केला. निघताना ती डबी तिथेच राहिली आणि आमच्या पिशवीत मसुराची एक पुडी आली.

ती पुडी कधीच संपली. पण आता घरी कुणी पथ्याचा पाहुणा अवेळी आला, की ही आधी घड्याळाकडे पाहते आणि म्हणते, "वीस मिनिटं बसा."