लग्नाची ट्रू कॉपी

लग्न ठरलं की मुली पार्लर बुक करतात. मी स्कॅनर विकत घेतला!

जोक नाही मारत. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझं लग्न झालं आणि मेंदी उतरायच्या आत मी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये मॅरेज सर्टिफिकेटच्या रांगेत उभी होते. नवरा इंग्लंडमध्ये, लेस्टरला. मी डोंबिवलीत. (आमच्या नातेवाइकांच्या लेखी तो 'लंडनला' असतो. मुलगा त्या देशात कुठेही राहत असला तरी तो लंडनलाच असतो, त्याला इलाज नाही.) मधे समुद्र वगैरे आहेच, पण त्याहून मोठी भानगड म्हणजे स्पाऊस व्हिसा.

खरं तर आमचा मुहूर्त मे महिन्यातला होता. हॉल बुक, केटरर पक्का. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्री याचा फोन आला. "अगं, मे नको. फेब्रुवारीत उरकू या."

"का? काय झालं?"

"नियम बदलतायत. नव्या नियमात मी बसत नाही."

त्याचं असं आहे. हा २०११ मध्ये शिकायला गेला, मग तिथेच नोकरीला लागला आणि सलग दहा वर्षं झाल्यावर त्याला कायम राहण्याचा परवाना मिळाला. वर्क व्हिसावर असताना लग्न केलं असतं तर मी डिपेन्डन्ट म्हणून त्या मानाने सोप्या रस्त्याने गेले असते. पण कायमचा परवाना असलेल्याला (किंवा ब्रिटिश नागरिकाला) बायको न्यायची तर ठरावीक कमाई दाखवावी लागते. २०१२ पासून हा आकडा वर्षाला १८,६०० पौंड होता. ४ डिसेंबर २०२३ ला तिथल्या सरकारने जाहीर केलं की तो ३८,७०० करणार. बरीच ओरड झाली, तेव्हा त्याच महिन्यात सांगितलं की पहिला टप्पा २९,००० चा. पुढे तारीखही पडली : ११ एप्रिल २०२४. त्याच्या आत अर्ज केला तर जुना आकडा, नाहीतर नवा.

म्हणजे याचा पगार १८,६०० च्या वर आणि २९,००० च्या खाली. नेमका किती, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. बाबांना आम्ही कारण दिलं, "मे महिन्यात त्याला रजा मिळत नाहीये." नातेवाइकांनी माझ्या पोटाकडे बघून आपापली कारणं शोधली!

वकील? छे, कशाला?

एका वकिलाने फी सांगितली दीड हजार पौंड. दीड लाख रुपयांच्या वर! सरकारी खर्च वेगळाच. २०२४ च्या एप्रिलमध्ये व्हिसाची फी होती १,८४६ पौंड आणि आरोग्यसेवेचा सरचार्ज ३,१०५ पौंड. एकूण ४,९५१, म्हणजे पाच लाखांच्या वर. त्यात हा सरचार्ज आमचं लग्न झालं त्याच आठवड्यात वर्षाला ६२४ वरून १,०३५ पौंडांवर गेला. आहेराची अशी तऱ्हा.

मी म्हटलं, मास कॉम केलंय, लोकांच्या मुलाखती घेऊन पोट भरते, एक फॉर्म भरता येणार नाही? हा माज पुढचे दोन महिने रोज थोडा थोडा जिरत गेला.

पहिला धडा वॉर्ड ऑफिसात. तीन साक्षीदार, भटजींची सही, फोटो, सगळं ओके. क्लार्कबाईंनी पत्रिका उचलली. पत्रिकेवर सासरच्यांनी हौसेने नवऱ्याचं घरचं नाव छापलेलं! पासपोर्टवरचा माणूस आणि पत्रिकेवरचा माणूस एकच आहे, याचं अॅफिडेव्हिट करून आणावं लागलं. हीच पत्रिका आम्ही अर्जालाही जोडली. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला सर्टिफाइड भाषांतर लागतं, त्यामुळे 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीचंसुद्धा सही-शिक्क्यासकट भाषांतर झालं. ब्रिटिश सरकारला ते निमंत्रण रीतसर पोचलंय.

दुसरा धडा इंग्रजीचा. पदवी इंग्रजीतून घेतली हे तिकडून पडताळून घेण्यापेक्षा परीक्षा देणं सोपं म्हणून मी ए-वन पातळीच्या परीक्षेला बसले. सगळ्यात खालची पातळी. फक्त ऐकणं आणि बोलणं, दोन उमेदवार एकत्र. माझ्या जोडीला नाशिकची एक नवी नवरी होती. बिचारीचे हात कापत होते. आम्ही एकमेकींना नवऱ्याला काय आवडतं ते इंग्रजीत सांगितलं. तिच्या नवऱ्याला पिठलं आवडतं. दोघी पास! बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली. टीबीचा एक्स-रेही त्याच आठवड्यात उरकला. ते सर्टिफिकेट सहा महिने चालतं, त्यामुळे फार आधी करण्यात अर्थ नसतो.

'जेवलास का?' म्हणजे काय हो?

मग आला नात्याचा पुरावा. तुमचं नातं खरं आहे आणि चालू आहे, हे तुम्हाला कधीही न भेटलेल्या अधिकाऱ्याला पटवायचं. फोटो, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, कॉल लॉग, चॅट.

आमचं चॅट उघडलं आणि मला घामच फुटला. डिसेंबर २०२२ मध्ये एका मैत्रिणीच्या लग्नात ओळख झाली, मे २०२३ मध्ये साखरपुडा. पण सगळं बोलणं फोनवर! चॅटमध्ये काय, तर 'जेवलास का?' 'हो. तू?' 'आत्ताच.' 'काय?' 'भेंडी.' हे असं शेकडो वेळा. ऑगस्टमध्ये चार दिवस काहीच नाही, कारण तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पाचव्या दिवशी त्याचा मेसेज : 'जेवलीस का?'

हा म्हणाला, "यात प्रेम कुठे दिसतंय?"

म्हटलं, "सगळीकडे. फक्त त्यांना सांगावं लागेल."

सगळं चॅट भाषांतर करून द्यायचं तर दिवाळं निघालं असतं. आम्ही दर महिन्यातलं थोडं थोडं निवडून बारा पानं केली, भांडणानंतरचा तो मेसेजही घेतला आणि सोबतच्या पत्रात साध्या शब्दांत लिहिलं : कधी भेटलो, कुणी आधी विचारलं, कुठे राहणार, आणि आमच्याकडे हा जेवणाचा प्रश्न लोक का विचारतात. हे पत्र वकिलाने लिहिलं असतं तर भाषा नक्कीच भारी झाली असती. पण त्यात भेंडी नसती.

सँडविच

खरी परीक्षा पैशांच्या फाइलची. नोकरीत सहा महिने पूर्ण झालेल्यांसाठी नियम सरळ आहे, पण तो तंतोतंत पाळावा लागतो : सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. पत्रात पद, पगार, नोकरी कायम की कंत्राटी, किती काळ आहे आणि या पगारावर कधीपासून आहे, हे सगळं पाहिजे. शेवटची कागदपत्रं अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतली हवीत. स्लिपेवरची रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. माझी इथली कमाई? मोजतच नाहीत. पहिल्या अर्जात फक्त त्याचा पगार.

मार्चच्या शेवटी याने सगळं स्कॅन करून पाठवलं. सोबत एकच ओळ : 'बघ आणि काही बोलू नकोस.'

वर्षाला २६,४०० पौंड. फूड टेस्टिंग लॅबमधली नोकरी. हातात महिन्याला साधारण अठराशे. भाडं, वीज, बसचा पास. दर महिन्याच्या १ तारखेला तीनशे पौंड चिपळूणला. आणि रोज दुपारी एक सँडविच. ऑक्टोबरभर सँडविच, नोव्हेंबरभर सँडविच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर एकही नाही.

नियम जाहीर झाला तो आठवडा.

मी फोन केला. "दुपारी काय खातोस?"

"पोहे नेतो. अगं, फी जमवायची होती ना." मग थोडा वेळ गप्प. "तुझ्या बाबांशी मी खोटं बोललो नाही. पण खरंही सांगितलं नाही."

बोलणी झाली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "पॅकेज किती?" याने उत्तर दिलं होतं, "भागून थोडं उरतं, काका." बाबांनी मनातल्या मनात त्या 'थोडं'चं काय केलं असेल, देव जाणे.

मुद्दा असा की बाबा बँकेतून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची स्टेटमेंट तपासलेला माणूस घरात बसलाय आणि मी बेडरूमचं दार लावून पौंडांची बेरीज करतेय! त्यात गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे याची कंपनी बंद. २ एप्रिलला पत्र आलं तर त्यात 'या पगारावर कधीपासून' ही ओळच गायब. दुरुस्त पत्र ५ तारखेला हातात. तारीख चुकली तर २,६०० पौंड कमी पडणार होते आणि ते भरून काढायला नियमाच्या हिशोबाने २२,५०० पौंडांची शिल्लक सहा महिने खात्यात दाखवावी लागली असती. ती आम्ही कुठून आणणार होतो? रात्री दोन वाजता मी रडत बाहेर आले. बाबा पाणी प्यायला उठले होते.

"दाखव," ते म्हणाले. दाखवलं. दुसरं करणार काय!

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. तासभर एक शब्द नाही. मग म्हणाले, "जानेवारीत स्लिपेपेक्षा बेचाळीस पौंड जास्त जमा आहेत."

मी तीनदा तपासलं होतं, मला दिसलं नव्हतं! ट्रेनिंगला जायचा प्रवासखर्च पगाराबरोबर आला होता. त्याची ईमेल आणि अर्ध्या पानाचा खुलासा जोडला.

"आणि हे दर महिन्याला तीनशे कुणाला?"

"त्याच्या बाबांना. २०२१ च्या पुरात चिपळूणच्या दुकानात पाणी भरलं. सगळा माल गेला. त्याचं कर्ज फेडतोय."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पॅकेज विचारलंत, बाबा. कर्ज नाही विचारलंत."

ते काही बोलले नाहीत. स्टेटमेंटची पानं टेबलावर आपटून सरळ केली, पिन लावली. आत जाताना म्हणाले, "हिशोबी आहे मुलगा."

ज्यांना माझे बाबा माहीत नाहीत त्यांच्यासाठी : त्यांच्या डिक्शनरीत याहून मोठा शब्द नाही.

पाडव्याला सबमिट

९ एप्रिल, गुढीपाडवा. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी आणि तीन वाजता लॅपटॉप. तिकडे सकाळचे साडेदहा. याने रजा टाकलेली. एकेक उत्तर मोठ्याने वाचत गेलो, पासपोर्टचा नंबर बाबांनी दोनदा म्हणायला लावला. याने कार्डाने पैसे भरले. अर्ज नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, व्हिसाची फी मात्र गेली ती गेली. स्क्रीनवर पावती आली आणि आईने आम्हा तिघांच्या हातावर (याच्या वाटचं स्क्रीनसमोर धरून) कडुनिंबाचा प्रसाद ठेवला. कडू लागलाच नाही.

मग मुंबईच्या अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि त्यानंतर वाट बघणं. तेव्हा २४ आठवडे सांगायचे. आमचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. ३३ महिन्यांचा व्हिसा!

आता मैत्रिणी विचारतात, वकील न लावता जमतं का? साधी केस असेल, नोकरी पगारी असेल, आणि तुम्ही प्रत्येक ओळ दोनदा वाचणाऱ्यांतले असाल तर जमतं. आधी नकार आला असेल, कुठे मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल, धंद्याची कमाई दाखवायची असेल, तर वकील लावा, त्यात कमीपणा नाही. फक्त तो तिथे रीतसर नोंदलेला आहे ना, ते बघा. कुठल्याही एजंटला तसा सल्ला द्यायचा तिथे कायद्याने अधिकार नाही. आणि आकडे माझ्या लेखातून उचलू नका. फी आमच्यानंतरही वाढली आहे. अर्ज कराल त्या आठवड्यात सरकारी साइटवरचा नियम वाचा.

पण एक सांगू? वकील लावला असता तर ते स्टेटमेंट परस्पर त्याच्याकडे गेलं असतं. मी ते वाचलं नसतं. बाबांनी तर नाहीच नाही. आणि त्या सँडविचबद्दल कुणालाच कळलं नसतं.

स्कॅनर मी बॅगेत घालून लेस्टरला आणलाय, २०२७ मध्ये एक्स्टेन्शन आहे. सकाळी दोन डबे भरते. रविवारी बाबांचा फोन येतो. आधी जावयाशी बोलतात, "दुकानाचं किती राहिलं?" याने आकडा सांगितला की तिकडे पेन्सिलने लिहून घेतात.

परवा फोन चालू असतानाच तिकडे कुणीतरी पाहुणे आले. मला ऐकू येत होतं. "काय, मुलगी लंडनला ना?"

"लंडन नाही हो," बाबा म्हणाले, "लेस्टर."